खंड्याची हजेरी

माझ्या मुलीने शाळेच्या निबंधात खंड्याला शूर करून टाकलं. 'माझा आवडता प्राणी' हा विषय. तिने लिहिलं, २०१९च्या महापुरात आमच्या खंड्याने शेजारच्या अण्णाआजोबांचा जीव वाचवला. बाईंनी खाली 'छान' असा शेरा मारला. खंड्या गेल्या उन्हाळ्यात म्हातारा होऊन गेला. गेलेल्याचं कुणी चार ओळी कौतुक केलं तर माझी हरकत असायचं कारण नव्हतं. पण ज्या रात्रीची ही गोष्ट, त्या रात्री अण्णा विश्रामबागेत पुतण्याच्या घरी गरम आमटीभात खाऊन कोरड्या गादीवर झोपले होते. खंड्याने कुणालाही वाचवलं नाही. त्याने भुंकून भुंकून आमचा जीव नकोसा केला आणि सत्तरीला टेकलेल्या माझ्या वडिलांना भर पावसात कौलांवर चढायला लावलं. मी हे सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "मग खरं काय ते तूच लिही."

माझं माहेर सांगलीच्या गावभागात. अण्णांचं घर आमच्या घराला अगदी खेटून. त्यांच्या पडवीची कौलं आमच्या माडीच्या सज्जाखाली येतात आणि पावसाळ्यात त्यांची पागोळी आमच्या अंगणात पडते. या पागोळीवरून बाबांचं आणि अण्णांचं बोलणं बंद झालं, तेव्हा मी कॉलेजात होते. सिटी सर्व्हेच्या कचेरीत अर्ज झाले, मोजणी झाली, नकाशे निघाले, नोटिसा गेल्या-आल्या. पागोळी पडायची ती पडतच राहिली.

खंड्या पिल्लू असल्यापासून दोन्ही घरांत वावरला. त्याला भांडण कुणी सांगितलं नव्हतं. सकाळचा पहिला चहा आमच्याकडे झाला की तो परसातून अण्णांच्या पडवीत जायचा आणि त्यांच्या बशीतलं बिस्किट खाऊन यायचा. कुत्र्याला खंडोबाचं नाव ठेवलेलं अण्णांना पटत नव्हतं, म्हणून ते त्याला राजा म्हणायचे. बाबांचं म्हणणं, कुत्रं हे खंडोबाचंच, मग देवाला नाही ती अडचण यांना का? कुत्रा दोन्ही नावांना शेपूट हलवायचा.

त्याचा खरा उपयोग बोलण्यासाठी व्हायचा. अण्णा पडवीत उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "राजा, तुझ्या मालकांना सांग, मोटार चालू राहिलीय. टाकी वाहतेय."

बाबा आतून, "खंड्या, त्यांना सांग, टाकी आमची, वीजबिल आमचं."

आणि मग उठून मोटार बंद करायचे. काकू गेल्यानंतर अण्णा एकटे राहिले. तेव्हापासून एकादशीची साबुदाण्याची खिचडी, श्रावणात पुरणाची दिंडं, असं काहीबाही आई झाकून परसातल्या कट्ट्यावर ठेवायची. बाबा तेवढा वेळ पेपर तोंडासमोर धरून बसायचे. रिकामं भांडं परत यायचं ते घासून, आणि त्यात कधी दोन लिंबं, कधी मूठभर शेंगा. या देवघेवीत दोन्ही घरचे पुरुष कधीही नव्हते, असं दोघेही शपथेवर सांगतील.

खंड्याची एक खोड होती. रात्री सगळे आडवे झाले, दिवे गेले, की तो उठायचा आणि एकेकाच्या अंथरुणाशी जाऊन तळपायाला ओलं नाक लावायचा. आधी बाबा, मग आई, मग आजी, मग दादा, शेवटी मी. थंडीत पांघरुणात पाय गुरफटून घेतले तर पंजाने पांघरूण ओढायचा. आमचं झालं की मागच्या दाराच्या फटीतून अण्णांकडे, आणि तिथून परत येऊन जिन्याच्या पायरीवर अंग टाकायचा. आजी म्हणायची, "झाली याची हजेरी." घरातलं कुणी बाहेर असलं की हा बसायचा नाही. दादा सेकंड शिफ्ट करून बारा वाजता यायचा, तोवर दाराशी येरझाऱ्या.

दादा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा मोठी पंचाईत झाली. कॉट रिकामी, आणि हा रात्रभर घरातून फिरतोय, नखांचा टकटक आवाज करतोय. कुणालाही झोप नाही. शेवटी आईने दादाची जुनी चप्पल कॉटच्या पायथ्याशी ठेवली. खंड्याने ती हुंगली, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि पुढच्या अंथरुणाकडे गेला. आईने दादाची प्रॉक्सी लावली होती. माझं लग्न झाल्यावर माझीही चप्पल लागली. बाबा याची फार टिंगल करायचे. "कुत्र्याला फसवताय, लाज नाही वाटत?" असं विचारायचे. आजी गेली तेव्हा मात्र आईने तिची चप्पल ठेवली नाही. गेलेल्या माणसाची हजेरी लावायची नाही, असं ती म्हणाली. खंड्या बरेच दिवस त्या कोपऱ्यात जाऊन थांबायचा. मग थांबायचा बंद झाला.

२०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती. मी पंचमीला म्हणून मुलीला घेऊन माहेरी आले होते आणि अडकले. सांगलीत त्या दिवसांत कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही, 'किती फूट?' विचारतात. म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. लहान पोरांनासुद्धा हे पाठ असतं. २००५च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. ते जिथवर चढलं तिथे बाबांनी आमच्या जिन्याच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने रेघ मारून खाली तारीख घातली होती. अण्णांनीही आपल्या जिन्यात रेघ मारली होती, ती बाबांच्या रेघेपेक्षा बोटभर वर. कोणाची रेघ बरोबर, यावरही खंड्यामार्फत बोलणी झालेली होती.

या रेघांनी २०१९ला गावाचा घात केला. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर पाण्यात गेलं, तरी गावभागातले, पेठांमधले जुने लोक म्हणत राहिले, "पाच सालच्या वर येणार नाही." बाबा त्यातलेच. खालचं धान्य, गॅस, कपाटातली कागदपत्रं माडीवर चढवली आणि रेघेवर विश्वास ठेवून बसले. मागल्या बोळातलं एक जोडपं तान्ह्या बाळासह आमच्याकडे वर आलं. वीज गेली. फोन मेले.

त्या रात्री खंड्याने हजेरी घेतली. बाबा, आई, मी, माझी मुलगी. मग बोळातले ते दोघे. त्यांना त्याने कधी हुंगलं नव्हतं, पण एका छपराखाली आलेत म्हटल्यावर तो त्यांच्या पायाशीही गेला. बाळाच्या टाचेपाशी जरा जास्तच रेंगाळला. दादाची चप्पल आईने सामानाबरोबर आठवणीने वर आणली होती, तीही झाली. मग तो जिना उतरू लागला. अर्ध्यावर पाणी होतं. काळं, संथ, वर कुणाचं तरी प्लॅस्टिकचं डबडं तरंगतंय. तो खालच्या कोरड्या पायरीवर उभा राहिला आणि अण्णांच्या दिशेने तोंड करून भुंकायला लागला.

कुत्रा सवयीने भुंकतो तेव्हा मध्ये मध्ये थांबून कानोसा घेतो. हा थांबेना. बाबा ओरडले, मी त्याला ओढून वर आणलं, तो निसटून पुन्हा त्याच पायरीवर. बाळ रडायला लागलं. आईने सज्जाचं दार उघडून पाहिलं.

"अण्णांच्या माडीवर उजेड नाही."

"झोपले असतील," बाबा म्हणाले.

"मेणबत्तीसुद्धा नाही. सकाळपासून आवाज नाही."

"मोठे आहेत. त्यांचं त्यांना कळतं."

आई काही बोलली नाही. बॅटरी घेऊन जिन्याकडे गेली आणि प्रकाश भिंतीवर मारला. लाल रेघेखालची तारीख पाण्याखाली गेलेली होती आणि खुद्द रेघ पाण्याला टेकलेली. बाबा मागून येऊन उभे राहिले. आम्ही बघत असतानाच रेघ दिसेनाशी झाली. खंड्या एक पायरी वर सरकला आणि पुन्हा भुंकू लागला.

बाबा सज्जात गेले. आईने ट्रंकेतून आजीचं नऊवारी काढलं, पीळ घातला आणि त्यांच्या कमरेला बांधलं. "नको" असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. दुसरं टोक बोळातल्या त्या माणसाने आणि मी धरलं. ज्या कौलांसाठी त्यांनी इतकी वर्षं अर्ज केले होते, त्यांच्यावर बाबा बसत, सरकत, एका हाताने कौल चाचपत निघाले. एक कौल फुटलं. अंधारातून त्यांचा आवाज आला, "अण्णा! ओ अण्णा!" त्यांच्या तोंडून ती हाक मी लग्नाआधी ऐकलेली. मग खिडकीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि हातातलं लुगडं सैल पडलं.

बाबा परत आले ते निथळत. सज्जात पाय टाकून खाली बसले. म्हणाले, "देव नाहीत."

आम्हाला काही कळेना.

"देव्हारा रिकामा आहे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, एकही नाही. म्हणजे देव घेऊन गेलेत. गेलेत ते."

आईने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, बॅटरीच्या उजेडात नीट दिसलं नाही. खंड्याला मात्र देव्हाऱ्याचं कारण पटण्यासारखं नव्हतं. तो भुंकतच होता. तेव्हा बाबांनी शर्टाच्या आतून एक जोड काढला. भिजू नये म्हणून अण्णांनी माडीवर आणून ठेवलेलं कोल्हापुरी पायताण. टिंगल करणाऱ्या माझ्या वडिलांनी, कुणी सांगितलं नसताना, ते कौलांवरून छातीशी धरून आणलं होतं. त्यांनी ते दादाच्या चपलेशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "ये. घे."

खंड्याने पायताण हुंगलं, दोन्ही पायांचं वेगवेगळं, आणि तिथेच अंग टाकलं.

पाणी पुढे ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. ती बातमी कळल्यावर आईने बोटीत बसायला साफ नकार दिला आणि आम्ही पाणी ओसरेपर्यंत माडीवरच राहिलो. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, म्हणून सज्जातून पातेली टांगून अण्णांच्या पागोळीचं पाणी धरलं, उकळलं आणि प्यालो. बाबाही प्याले.

ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल राहिला. आमचा काढून झाल्यावर बाबा फावडं घेऊन शेजारी गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे, त्यांचा चिखल वाहून आमच्या अंगणात येईल. अण्णा आले तेव्हा त्यांची पडवी धुतलेली होती. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "राजा, माझं पायताण कुठंय रे?"

"खंड्या, त्यांना विचार, जाताना सांगून जायला काय झालं होतं?"

अण्णा जरा वेळ कुत्र्याकडे बघत राहिले. मग बाबांकडे बघून म्हणाले, "तुम्ही विचाराल असं वाटलं नाही."

त्या दिवशी ते दोघे समोरासमोर कडाकडा भांडले. पागोळी, रेघ, फुटलेलं कौल, सगळं निघालं. खंड्याची मध्यस्थी त्या दिवसापासून संपली. आता दोघे रोज भांडतात. बाबांच्या मते पूर अलमट्टी धरणामुळे आला, अण्णांच्या मते कोयनेतून पाणी वेळेवर सोडलं नाही म्हणून. सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, तेव्हा अण्णांनी पेपरचं कात्रण आणून दाखवलं. बाबांनी समितीच अमान्य केली. पागोळीचा अर्ज अजून मागे घेतलेला नाही.

जुलै २०२१ला पाणी पुन्हा चढलं. तेव्हा अण्णा पहिल्याच दिवशी स्टीलच्या डब्यात देव घेऊन आमच्या माडीवर आले. रात्री खंड्याने त्यांच्या तळपायाला नाक लावलं आणि जाऊन झोपला. भुंकला नाही.

मुलीच्या निबंधात हे बसलं नसतं. तिला शूर कुत्रा हवा होता. खंड्या शूर नव्हता, फार हुशारही नव्हता. चपलेला माणूस समजायचा. एकाला सोडून झोपणं तेवढं त्याला जमत नव्हतं. बाबांनाही जमत नव्हतं, हे आम्हाला त्याच्यामुळे कळलं.

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना एवढंच सांगते. भिंतीवरच्या जुन्या रेघेवर विसंबू नका. २०१९ला कितीतरी जनावरं दावणीलाच बुडाली, तेव्हा पाणी चढायला लागलं की आधी दावं सोडा, साखळी सोडा. आणि घराला कुलूप लावून निघताना शेजारी सांगून जा. बोलणं बंद असलं तरी सांगून जा.