साहेबांची गाडी

आधीच सांगून टाकतो. गाडी घेतलेली नाही. सौ.ने फोनवर ताईला अर्धवट काहीतरी सांगितलं, ताईने भाऊजींना, आणि भाऊजींनी बहुधा अख्ख्या विट्याला. त्यामुळे गेल्या आठवड्यात मला तीन फोन अभिनंदनाचे आणि दोन समजावणीचे येऊन गेले. म्हटलं, एकदाच सगळं सविस्तर लिहावं, म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल. :)

तर झालं असं. आमच्या वॅगनआरचा क्लच गेला. गाडी नऊ वर्षांची. क्लचचा खर्च ऐकल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. रात्री जेवण झाल्यावर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसलो. बघायला बसलो होतो छोट्या गाड्या, पण जाहिराती किमतीप्रमाणे लावल्या की गंमत होते. तीन लाखांत सात-आठ वर्षांची छोटी गाडी, आणि तिच्या शेजारी त्याच तीन लाखांत होंडा अकॉर्ड! २०११ ची, काळी, २.४ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक. सांगलीच्या एका डॉक्टरांची.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकॉर्ड भारतात २००१ साली आली. ही जी मी म्हणतोय ती २००८ मध्ये आलेली पिढी. १८० अश्वशक्ती, जवळजवळ पाच मीटर लांबी, आणि मागची सीट अशी की बसणाऱ्याने पाय लांब करून पेपर वाचावा. रस्त्यावर यायला तेव्हा वीसेक लाख लागायचे. २०१३ मध्ये ती बंद झाली. पुढे २०१६ ला हायब्रिड होऊन परत आली, पण तोवर लोकांना उंच गाड्या आवडायला लागल्या होत्या. आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयात मी क्लार्क असताना तिथे येणाऱ्या बड्या कर्जदारांकडे अशा गाड्या असायच्या. वॉचमन पळत जाऊन गेट उघडायचा. माझ्या बजाजसाठी त्याने कधी मानसुद्धा वर केली नाही.

वीस लाखांची गाडी तीन लाखांत. म्हणजे सतरा लाख वाचले की नाही? (बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे गणित. कुणाला सांगू नका.)

सौ.ने हे गणित शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वर्षाचा खर्च काढून दाखव." काढला. आम्ही वर्षाला साधारण आठ हजार किलोमीटर फिरतो. वॅगनआर सोळा देते, म्हणजे पाचशे लिटर. ही शहरात आठ देणार, म्हणजे हजार लिटर. पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे पन्नास हजारांचे सरळ लाख. मग विमा. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या आकारावर ठरतो. २०२२ साली ठरलेल्या दराने हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये आणि पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७. गाडी नवी असो की पंधरा वर्षांची, तक्ता तोच. पंधरा वर्षं भरली की आरटीओत फेरनोंदणी. त्याचं शुल्क २०२२ मध्येच सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. टायरचा भाव विचारला तर दुकानदाराने आधी गाडी कुठली ते विचारलं, मग "साहेब" म्हणायला लागला.

एक्सेलचा तो कागद भरता भरता एक गोष्ट लक्षात आली. गाडी जुनी झाली म्हणून स्वस्त झाली, पण तिच्याबरोबर दुसरं काहीच स्वस्त झालेलं नाही. तिचा गिअरबॉक्स अजून वीस लाखांच्या गाडीचाच आहे.

आमच्या शाखेतल्या एकाने हा धडा पैसे मोजून घेतला होता. त्याने अशीच एक जुनी मोठी गाडी (ही नव्हे, दुसरी) हौसेने चार लाखांना घेतली. पाचव्या महिन्यात गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक भाग गेला. खर्च सांगितला एक लाख ऐंशी हजार. आठ महिने गाडी कव्हरखाली उभी होती. मांजरीने दोनदा पिल्लं घातली.

सौ.ची अट एकच होती. "गाडीच्या किमतीइतके पैसे बाजूला ठेव. त्याला हात लावायचा नाही, ते तिच्या दुरुस्तीचे. मग खुशाल घे." तीन अधिक तीन, सहा. माझी एफडी सुटत होती चार लाखांची, आणि लेकीच्या शेवटच्या वर्षाची फी अजून भरायची होती.

इथेच विषय संपायला हवा होता. संपला नाही, कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती.

आमचे अण्णा ड्रायव्हर होते. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडे त्यांनी सव्वीस वर्षं गाडी चालवली. आधी अँबॅसेडर, नंतर पांढरी काँटेसा. त्या काँटेसाच्या मागच्या सीटवर मी आयुष्यात एकदाच बसलोय. तेही गाडी धुवायला मदत करताना, पाच मिनिटं, दार उघडं ठेवून. अण्णा तर कधीच बसले नाहीत. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यासाठी मागचं दार उघडलं आणि लावलं. अकॉर्डच्या जाहिरातीत मागच्या सीटचा फोटो होता. तो बघितल्यावर माझ्या डोक्यात एकच चित्र आलं. मी पुढे, अण्णा मागे, आणि मी उतरून दार उघडतोय.

अण्णांना एवढंच म्हटलं, "एक गाडी बघायची आहे, तुम्ही चला." अण्णा आता ७८ वर्षांचे. गुडघे दुखतात, पण गाडी बघायची म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून तयार. रविवारी पहाटे नव्या क्लचच्या वॅगनआरमधून निघालो. खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाक्यावरून आत. नऊच्या सुमारास सांगली.

डॉक्टर सज्जन माणूस. सत्तरीचे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रात्रीचं दिसत नाही, म्हणून गाडी काढत होते. घर गावभागात. गावभाग ऐकल्यावर सांगलीच्या माणसाच्या मनात जो प्रश्न येतो तोच अण्णांनी पहिल्यांदा विचारला. "पाणी लागलंय का गाडीला?" आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ लाही घरात पाणी होतं. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही वेळा गाडी आधीच मिरजेला मित्राकडे नेऊन लावली होती." अण्णांनी मान डोलावली आणि तरीही तपासलं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. एरवी गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. डिकीतली स्टेपनी काढून खाली बोटं फिरवली. गालिच्याचा कोपरा उचलून वास घेतला. कोरडं होतं सगळं. डॉक्टर खरं बोलत होते.

बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली, मग सुरू करायला सांगितलं. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं, खरं बोलतं ते गार इंजिन. धूर नाही, खडखड नाही. ह्या इंजिनला बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे, ती चांगली असेल तर काळजी कमी. गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन बघितलं. लालसर, जळका वास नाही. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. टायर २०१७ चे निघाले, म्हणजे नक्षी शाबूत असली तरी बदलायचेच. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण गाडीवर लिहिलेलं सगळं वाचता येतं.

मग चक्कर मारायला निघालो. मी मागचं दार उघडलं. "अण्णा, बसा." अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "मागं बसून काय कळणार मला गाडीतलं?" म्हणत ते पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. शेवटी डॉक्टरच मागे बसले. म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागे बसतोय. चांगलीय की सीट!"

मिरज रस्त्याला लागलो. काय सांगू! आवाज नाही, धक्का नाही, पाय नुसता टेकवला की गाडी पुढे सरकते. १८० अश्वशक्ती म्हणजे काय ते पन्नाशीत कळलं. मनात मी गाडी घेतलीच होती. परत आल्यावर डॉक्टरांनी फाईल आणली. पहिल्या सर्व्हिसपासूनचं एकेक बिल तारखेप्रमाणे लावलेलं. मी भारावून गेलो. अण्णा चष्मा लावून सावकाश पानं उलटत होते. सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर, रॅक, टायर, बॅटरी. चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

बाहेर आल्यावर वॅगनआरपाशी थांबून म्हणाले, "गाडी एक नंबर आहे. माणूस पण खरा आहे. पण बिलं बघितलीस का?"

"बघितली की. सगळी आहेत."

"नाव कुणाचं आहे त्यांच्यावर?"

नाव हॉस्पिटलचं होतं. एकूण एक बिल हॉस्पिटलच्या नावावर. बँकेतला माणूस मी, आणि हे मला अण्णांनी दाखवायचं! अशी गाडी धंद्याच्या हिशेबात असते. दुरुस्ती खर्चात जाते, आणि किमतीवर दरवर्षी पंधरा टक्के घसारा मिळतो. नंतर मी आकडे मांडून बघितले. वीस लाखांवर पंधरा वर्षं तसा घसारा लावला की पुस्तकात उरतात पावणेदोन लाख. म्हणजे ह्या गाडीचा कॉम्प्रेसर आजवर कुणाच्या पगारातून आलेला नाही. तो पहिल्यांदा माझ्या पगारातून येणार होता.

"आमच्या साहेबांची काँटेसा सव्वीस वर्षांत एकदा पण रस्त्यात बंद पडली नाही," अण्णा म्हणाले. "लोक म्हणायचे, ड्रायव्हर चांगला. मी चांगला होतोच. पण मी कारखान्याच्या गॅरेजला चिठ्ठी लिहिली की संध्याकाळी सामान यायचं. चिठ्ठीवर सही माझी, पैसे कारखान्याचे. तू चिठ्ठी कुणाला लिहिणार?"

मी गप्प. मग कसं कोण जाणे, बोलून गेलो. तुम्हाला मागे बसवायचं होतं, म्हणून.

अण्णा हसले. इतके हसले की ठसका लागला. "मला मागंच बसवायचं असेल तर रिक्षा आहे की! तीस रुपयात बसतो." जरा थांबून म्हणाले, "आणि मला काय मागं बसायचं नव्हतं रे. साहेब मागं बसून झोपायचे. रस्ता सगळा मी बघितला."

ह्यावर काय बोलणार? सव्वीस वर्षं त्यांनी काहीतरी गमावलं असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि त्याची भरपाई म्हणून स्वतःला हवी असलेली गाडी त्यांच्या नावावर घ्यायला निघालो होतो. हॉस्पिटलच्या नावावर बिल लावण्यासारखंच झालं की हे.

सोमवारी डॉक्टरांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. खरं कारणही सांगितलं. गाडी उत्तम आहे, मला परवडत नाही. हे वाक्य म्हणायला वाटतं तितकं अवघड नसतं. ते म्हणाले, "घेऊन मग विकण्यापेक्षा हे बरं." ज्याचा स्वतःचा धंदा आहे, घरापाशी ओळखीचं गॅरेज आहे आणि गाडीच्या किमतीइतकी रक्कम बाजूला आहे, त्याने ती जरूर घ्यावी. इतकी नीट ठेवलेली गाडी सहज मिळत नाही.

त्या दिवशी परतताना खंबाटकीच्या आधी गर्दी लागली. अण्णा शेजारी बसून डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस. म्हणून तर जळला."

मी पाय काढला.