पाणलोटाच्या वरचा मुलूख

नगर जिल्हा म्हटला, की ऐकणाऱ्याच्या घशाला आधी कोरड पडते. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण ‘दुष्काळी’ हे विशेषण काही सुटले नाही. अशा माणसाला मी म्हणतो, “बाबा रे, एकदा श्रावणात अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला जा. घाटघरच्या पावसात छत्री हे केवळ हाताला ओझे!”

कळसूबाईचे १६४६ मीटरांचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतला हा मुलूख म्हणजे डांगाण. मी पडलो मराठीचा मास्तर. डोंगर दिसण्याआधी मला शब्द ऐकू येतात. बांध घातलेले ते खाचर, तिथे भात. उतारावरची ती वरकस, तिथे नागली आणि वरई. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून जाळायचे तो राब. पहिल्या पावसाने त्यात रोप उगवले, की चिखलात आवणी. जोडीला रानातला हिरडा आणि धो धो पावसातही टिकणारी डांगी जनावरे. महादेव कोळी आणि ठाकर यांचा सारा जमाखर्च एवढ्या शब्दांत मावतो.

या पावसाची किंमत इंग्रजांनी नेमकी ओळखली. १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याला धरण बांधून त्यांनी प्रवरा अडवली. पुढे ओझरच्या बंधाऱ्यापासून कालवे निघाले आणि खाली राहुरी-श्रीरामपूरकडे उसाचे मळे उभे राहिले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. हे काम मोठेच. त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही.

पण डोंगर खडकाळ, उतार तीव्र. पाणी वर ठरत नाही. होळी सरली, की डांगाणातल्या कित्येक वाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात आणि तरणी माणसे मजुरीसाठी नारायणगावची वाट धरतात. तिकडचा एक विद्यार्थी वर्गात सहज बोलून गेला, “सर, नदी आमच्याकडनं निघते, पण थांबत नाही.” त्या दिवशी अलंकार शिकवायचे मला जड गेले.

तरी या मातीत धरून ठेवण्याची जिद्द आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. बी जपले गेले. आता वाडीवाडीत थोडे पाणीही थांबायला हवे.

वाचकहो, यंदाच्या करंजीतली साखर कदाचित प्रवरेकाठची असेल. खुशाल खा, फक्त तिच्यातला पाऊस कुणाच्या शिवारात पडला, तेवढे आठवा.