जस्ताची कांडी

धंतोलीपासून समुद्र फार दूर. आम्हां नागपूरकरांची पाण्याशीं ओळख ती अंबाझरीच्या तलावापुरतीच. असें असतां नौकेच्या इंजिनाविषयीं लिहावयास आम्ही बसलों, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु कारण घरगुतीच आहे.

आमचा पुतण्या रत्नागिरीस मिरकरवाडा बंदरांत मच्छीमार नौकांचीं इंजिनें दुरुस्त करितो. कॉलेज सोडून त्यानें ही वाट धरिली तेव्हां आम्हीं त्यास पुष्कळ बोल लाविले होते. गेल्या आषाढांत प्रथमच त्याच्याकडे गेलों. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीच्या बंदीची मुदत. ती संपत आली असल्यानें त्याच्या हातीं दम नव्हता.

एका तांडेलाची तक्रार अशी, कीं मागील हंगामाअखेर टाकींतील गोडें पाणी रोज कमी होई, परंतु गळतांना कोठें दिसत नसे. कोणा कारागिरानें पंपाचें सील बदलिलें होतें; गुण आला नव्हता.

पुतण्यानें हत्यार उचलण्यापूर्वीं नुसतें पाहिलें. सांध्याशीं पांढरा क्षार सांचला असेल तर खारें पाणी गळतें. पंपाच्या बुडाच्या छिद्रांतून थेंब येत असेल तर सील गेलें. तेल ताकासारखें झालें असेल तर पाणी इंजिनाच्या पोटांत शिरलें. यांपैकीं एकही खूण नव्हती. तो म्हणाला, "काका, तें पाणी बहुधा समुद्रांतच जात असावें."

इंजिनाभोंवतीं फिरून तापलेलें गोडें पाणी कूलरांत येतें. तेथें बारीक नळ्यांतून समुद्राचें पाणी वाहतें व उष्णता घेऊन बाहेर पडतें. या दोन पाण्यांची गांठ पडतां कामा नये. त्यानें खाऱ्या पाण्याचीं तोंडें उघडीं ठेविलीं, गोड्या पाण्याचीं बंद केलीं, व हातपंपानें हवा भरिली. कांटा हळूहळू उतरूं लागला आणि एका नळीच्या मुखाशीं गंजरोधक द्रावणाचा हिरवा थेंब डोकावला. इंजिन चालतांना गोडें पाणी तेथून बाहेर जाई. तें थंड झाल्यावर खारें पाणी उलट आंत शिरून लोखंड गंजवूं शके.

कूलरांत जस्ताची एक कांडी असते. खारें पाणी आधीं तिला खातें, म्हणून इतर धातु वांचतात. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं तांब्यानें मढविलेल्या ब्रिटिश जहाजांसाठीं हेंच तत्त्व योजिलें होतें. पुतण्यानें पेंच फिरवून कांडी बाहेर काढिली. नुसता खुंट उरला होता. "अर्धी झिजली कीं बदलावी. पण ती आंत असते. उघडून पाहतो कोण?"

तांडेल म्हणाला, "गळती बुजविणारें औषध ओता आणि सोडा." पुतण्यानें साफ नाकारलें. "तें औषध चांगल्या वाटाही बुजवील. भर समुद्रांत इंजिन तापून बंद पडलें, तर माणसें कोणाच्या भरंवशावर?" त्यानें ती एक नळी दोन्ही टोंकांस खुंट्या ठोकून बंद केली, पुन्हा हवा भरिली व कांटा स्थिर राहिल्यावरच नवी कांडी बसविली. नळ्यांचा जुडगा लवकरच बदलावा लागेल, हेंही बजाविलें.

रात्रीं जेवतांना त्यानें विचारिलें, "काका, आई थकली का हो?" चाळीस वर्षें आमच्या वहिनी धंतोलीच्या घरीं दोन्ही वेळां चूल सांभाळीत आहेत. घर कसें सुरळीत चाललें आहे, असें आम्ही सर्वांस सांगत आलों. त्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

परतल्यावर आम्ही प्रथम स्वयंपाकघरांत गेलों व त्यांची प्रकृति विचारिली. त्यांनीं गुडघ्याचें दुखणें सांगितलें; तें तीन वर्षांचें होतें. आतां सायंकाळचा स्वयंपाक मुलगे व सुना मिळून करितात, आणि पुतण्यास लाविलेले बोल आम्हीं पत्रानें परत घेतले आहेत.