बापाचें अक्षर

जुनें तें सोनें ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जुन्याचें खरोखरच सोनें करून देणारा बाजार असतो, हें आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत प्रथमच कळलें. आमचे थोरले बंधू १९८५ सालीं नोकरीनिमित्त अमेरिकेंत न्यू जर्सीस गेले व तेथेंच राहिले. गेल्या वर्षीं ते निवर्तले. त्यांचें घर आवरतांना पुतण्यास माळ्यावर बिस्किटांचा एक डबा सांपडला. त्यांत त्यानें बालपणीं जमविलेलीं खेळाडूंचीं चित्रें होतीं. दर शुक्रवारीं कामावरून येतांना बंधू त्याला एक पुडी आणीत. चाळीस सेंटांत बारा चित्रें आणि वर चघळावयास गोंद. त्यांतच १९८६ च्या 'फ्लीअर' संचांतील बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याचें चित्र निघालें होतें. "काका, हें लिलावास द्यावें का? तुम्हांला काय वाटतें?" असें पुतण्यानें विचारलें होतें.

खरें सांगावयाचें तर त्याचें पत्र वाचून आम्हीं प्रथम कागद-पेन्सिल घेऊन डॉलरांचे रुपये केले. याच चित्राच्या एका निर्दोष प्रतीस जानेवारी २०२१ मध्यें लिलावांत ७,३८,००० डॉलर आले होते. पुढें वर्षभरांत तसल्याच प्रतींचा भाव निम्म्याहूनहि खालीं घसरला, हें आम्हांस मागाहून कळलें. पण मोठा आंकडा एकदां डोळ्यांपुढें आला कीं मागाहून कळलेलें मनास पटत नाहीं.

या व्यापाराची रीत मोठी पद्धतशीर आहे. चित्र प्रथम परीक्षकांकडे जातें. चारी बाजूंची कोरी किनार सारखी आहे कीं नाहीं, कोपरे टोंकदार आहेत कीं नाहींत, कडा व पृष्ठभाग स्वच्छ आहेत कीं नाहींत, हें पाहून ते एक ते दहा गुण देतात व चित्र पारदर्शक डबींत मोहोरबंद करितात. मग लिलावगृह त्याचा फोटो व वर्णन आपल्या यादींत घालतें आणि कित्येक दिवस घरबसल्या बोल्या चढत राहतात. शेवटच्या बोलीवर ग्राहकानें लिलावगृहास शेंकडा वीसाच्या आसपास अधिक द्यावयाचें. विकणाऱ्याच्या पदरांतूनहि बहुधा कांहीं दलाली कापली जाते.

'टॉप्स' कंपनीच्या १९५२ च्या संचांतील मिकी मँटल या बेसबॉलपटूचें एक चित्र ऑगस्ट २०२२ मध्यें १ कोटी २६ लाख डॉलरांस गेलें. त्या संचाचे कर्ते साय बर्गर सांगत असत कीं, न खपलेल्या पेट्यांची वखारींत अडगळ होऊं लागली तेव्हां १९६० च्या सुमारास आपणच त्या नावेंतून नेऊन अटलांटिक महासागरांत बुडविल्या. कांहीं समुद्रानें गिळलें, कांहीं मुलांच्या आयांनीं केरांत टाकलें. जें उरलें त्याचें सोनें झालें.

परंतु नुसतें उरून भागत नाहीं. अस्पर्श उरावें लागतें. जो मुलगा चित्र खिशांत बाळगतो, मित्रांस दाखवितो, उशीखालीं घेऊन झोंपतो, त्याच्या चित्राचे कोपरे मऊ होतात आणि गुण उतरतात. प्रेमाची प्रत्येक खूण या बाजारांत व्यंग ठरते.

आमच्या पुतण्याच्या चित्रास असेंच एक मोठें व्यंग होतें. शाळेंत अदलाबदल होऊं नये म्हणून बंधूंनीं त्याच्या पाठीमागें निळ्या शाईनें मुलाचें नांव लिहून ठेविलें होतें, तेंहि मराठींत. अशा शाईनें चित्राची किंमत पार उतरते. हा व्यवहार जाणणाऱ्या एका गृहस्थांनीं त्याला सुचविलें कीं, शाई औषधानें उडवितां येते. कोणास कळणार नाहीं. मुलीच्या कॉलेजच्या फीची वेळ जवळ आली होती. पुतण्याच्या मनाची खरी चलबिचल होती ती यापायीं.

आम्हीं त्याला दुसऱ्या एका चित्राची गोष्ट लिहिली. सिगारेटच्या पाकिटांतून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं निघालेलें होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचें एक चित्र १९९१ सालीं सॉदबीजच्या लिलावांत ४,५१,००० डॉलरांस गेलें. परीक्षकांनीं त्यास दहांपैकीं आठ गुण दिले. पूर्वीं तें चित्र ज्यांच्या हातांत होतें ते लिलावाचे व्यापारी बिल मास्ट्रो यांनीं २०१३ सालीं न्यायालयांत कबूल केलें कीं, त्याच्या कडा आपण कातरल्या होत्या. कात्रीनें कडा सरळ होतात, व्यवहार सरळ होत नाहीं. शेवटीं आम्हीं लिहिलें, "विकावयाचें तर शाईसकट वीक, आणि ग्राहकास ती अगोदर दाखव. लेकीच्या फीसाठीं विकण्यांत बापाचा अवमान नाहीं. बापाचें अक्षर पुसून विकण्यांत आहे."

महिन्यानें त्याचें उत्तर आलें. डब्यांतील दुसरीं चार चित्रें लिलावास गेलीं. दलाली वजा जातां एका सहामाहीच्या पुस्तकांपुरतें हातीं आलें. जॉर्डन घरींच आहे. सोबत त्यानें चित्राच्या पाठीचा फोटो पाठविला होता. नांवांतील 'श' बंधूंनीं उलट्या गांठीचा काढला आहे. त्या 'श'पायीं वडिलांनीं त्यांना लहानपणीं किती वेळां पाटी पुसावयास लावली होती. पण त्यांचें तें वळण कांहीं गेलें नाहीं.