पंचांची तोंडी परीक्षा

2024 च्या जूनमध्ये आरक्षणाच्या प्रश्नावरील उपोषणामुळे वडीगोद्रीचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. आमच्या घरात मात्र ते गाव त्याआधी कितीतरी वर्षे दोन कारणांनी प्रसिद्ध होते. एक, माझी धाकटी बहीण तिथे दिली आहे. आणि दुसरे, तिच्या घरचा बांध.

बांधावरून माणसे का भांडतात हे शहरात कळत नाही. आपण जिन्यातल्या चपलांच्या फळीवरून तीन-तीन वर्षे अबोला धरतो, ती गोष्ट वेगळी! अंबड तालुक्याच्या त्या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, आणि कोरडवाहूच्या दिवसांत जी वीतभर जमीन कुणी विचारीत नव्हते ती सोन्याची झाली. दाजींचे म्हणणे, शेजारी दर नांगरटीला बांध कोरतो. शेजाऱ्याचे म्हणणे अक्षरशः हेच. फक्त नावे उलटी.

2007 साली राखीपौर्णिमेला मी बहिणीकडे गेलो, तेव्हा गावात निराळीच गडबड होती. त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टपासून गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली होती. ग्रामसभेने समिती निवडायची. समितीने दिवाणी, महसुली आणि तडजोड होण्याजोगे फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवायचे. गाव तंटामुक्त ठरले की लोकसंख्येच्या मानाने बक्षीस. अध्यक्षपदासाठी तीन नावे पुढे आली होती: एक निवृत्त गुरुजी, एक किराणा दुकानदार आणि एक बागायतदार.

पंच ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शिवकाळात गोतसभेपुढे बसण्याआधी वादी-प्रतिवादी 'राजीनामा' लिहून देत, म्हणजे निवाडा मान्य करण्यास आपण राजी आहोत असा कागद. (आज तोच शब्द खुर्ची सोडताना वापरतात, आणि तोही क्वचितच राजीखुशीने!) हरणारा येजितखत लिहून देई. पण बसणाऱ्या पंचांनाच आधी उलटतपासणीला उभे केल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. इथे एका तरुणाने उठून तेच सुचविले. "निवडायच्या आधी इचारू तर द्या," तो म्हणाला.

पहिले एकदोन प्रश्न बेतास बात होते. मग मी उभा राहिलो. वास्तविक मी पाहुणा. मला मत नाही, शब्दही नको होता. "तंटा आपल्या नात्यातल्या माणसाचा निघाला, तर आपण बाजूला व्हाल का?" असे विचारून मी 1996 च्या लवाद कायद्याचा दाखलाही दिला. लवादाने पक्षकारांशी असलेले संबंध आधी उघड करावे लागतात, हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "गावात नात्यातलं नाही असं कोण आहे? सगळेच बाजूला झाले तर शिवेबाहेर बसावं लागेल."

सभा हसली. तेवढ्यात मागच्या बाजूने एक म्हातारी उठली आणि दुकानदाराला म्हणाली, "तुमच्या उधारीच्या वहीत गावातली किती नावं हायती?"

दुकानदार गडबडला. माणूस प्रामाणिक, "निम्मी असतील," म्हणाला.

"मंग तुमच्याम्होरं खरं कोन बोलंल?"

माझा कायदा या एका प्रश्नापुढे अगदीच पुस्तकी वाटू लागला. दुकानदाराने तिथल्या तिथे आपले नाव मागे घेतले.

बागायतदाराला कुणीतरी विचारले, "सख्ख्या भावासंगं तुमची केस किती साल चालली?"

"एकोणीस," तो म्हणाला. सगळ्यांना आकडा ठाऊक होता. "म्हनून तर उभा राह्यलो. कोर्टाची पायरी केवढ्याला पडती हे माझ्याइतकं कोनाला ठावं हाय?"

सभा गप्प झाली. मग तो माझ्याकडे वळला. "पाव्हणं, मघाचा प्रश्न चांगला होता. शेजारी माझा मेव्हना हाय, हे तुमाला ठावं होतं. तुमी कोनाचे मेव्हने हे बी सांगा की सभेला."

ते सांगण्याची गरज नव्हती. आदल्या रात्री जेवताना दाजींनीच मला तो प्रश्न सुचविला होता, आणि कायद्याचे कलम तेवढे मी पदरचे घातले होते. मी खाली बसलो.

हात वर झाले. बागायतदार निवडून आला. पहिल्याच वाक्यात त्याने जाहीर केले की आमच्या बांधाच्या तंट्यात तो बसणार नाही, गुरुजी बसतील. दाजी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

रात्री बहिणीने भाकरी वाढली. दाजी ओट्यावर गेल्याचे पाहून हळूच म्हणाली, "दादा, तो प्रश्न तुझा होता की ह्यांचा?"

मी ठेच्याला तिखट फार झाले आहे, असे काहीतरी म्हणालो.