वन्संचा कारखाना

डोलवी म्हटलं की वडखळजवळचा तो अवाढव्य पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. आमच्या चुलत वन्संचा कारखाना मात्र घरामागच्या पडवीत. पेण तालुक्यात नुसतं 'कारखाना' म्हटलं तर तो गणपतीचाच!

३ जून २०२० ला दुपारी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वन्संच्या घराची कौलं गेली. कारखान्याचे पत्रे तर शेतात जाऊन पडले. चतुर्थी २२ ऑगस्टची. म्हणजे हातात ८० दिवस, वर पावसाळा. आधी काय उभारायचं? वन्संनी ठणकावलं, "कारखाना. घरावर घाला ताडपत्री." पुरुषमंडळींना पटेना. मला विचाराल तर वन्संचंच खरं. पोट त्यावर होतं ना!

प्लास्टरच्या फुटल्या त्या मूर्ती गेल्याच. घट्ट झालेलं प्लास्टर पुन्हा मळता येत नाही. शाडूची माती भाजलेली नसते. कच्च्या मूर्तींचा चिखल झाला होता, तो वन्संनी पिंपात भरला, गाळला आणि मळून पुन्हा साच्यात घातला. त्या वर्षी घरगुती मूर्तीला सरकारने २ फुटांची मर्यादा घातलेली, तेही पथ्यावर पडलं. लहान मूर्ती लवकर वाळते.

वारा कडेखालून शिरून पत्रा उचलतो, म्हणून नव्या छपराचे पत्रे बाहेर कमी काढलेत आणि कडेच्या ओळीला हूक दुप्पट मारलेत. दर मे महिन्यात वन्सं स्वतः शिडीवर चढून एकेक नट पिळून बघतात. साठी उलटलीय! यंदा शिडी धरायला मी होते.