बाराची गाडी

काऊबॉयचा सिनेमा म्हटलं की काय आठवतं? घोडे, धूळ, दणादण गोळ्या. 'हाय नून'मध्ये हे सगळं आहे, पण बरंचसं अगदी शेवटी. त्याआधी तासभर एक दमलेला, पन्नाशीचा माणूस गावभर पायी फिरतो आणि लोकांना विचारतो, येता का माझ्याबरोबर? तरीही फ्रेड झिनेमनचा १९५२चा हा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा मी दरवर्षी एकदा तरी बघतेच.

गोष्ट एवढीशी. मार्शल विल केनचं (गॅरी कूपर) सकाळी साडेदहाच्या सुमारास लग्न लागतं. नोकरी सोडून तो बायकोबरोबर (ग्रेस केली) निघणार, तोच बातमी येते. त्यानेच तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर हजर. सिनेमा साधारण ८५ मिनिटांचा आणि गोष्टीतली वेळही जवळपास तेवढीच. भिंतीवरचं घड्याळ सारखं दिसत राहतं. डेडलाइन म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

पण मला खिळवून ठेवतात ती लोकांची कारणं. जज्जसाहेब सामान बांधून चालते होतात. डेप्युटीला मार्शलच्या खुर्चीसाठी आधी शब्द हवाय. एक मित्र आत लपून बायकोकडून 'घरी नाहीत' असं सांगायला लावतो. दुसरा उत्साहाने येतो, पण आणखी कोणीच नाही म्हटल्यावर त्याला बायकामुलं आठवतात. चर्चमध्ये तर चक्क मीटिंग! केनचं तोंडभर कौतुक होतं, मग कोणीतरी म्हणतं, गावात बाहेरचा पैसा येणार आहे, रस्त्यावर गोळीबार झाला तर बरं दिसेल का? निष्कर्ष काय, तर तूच गाव सोड. यातलं कोणीही व्हिलन नाही हो. सगळी समजूतदार माणसं.

मला ती ओळखीची वाटतात. एका जुन्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांचे पगार अडकले होते. मीटिंगमध्ये विषय काढायचा, असं आम्ही सहा जणांनी ठरवलं. बोलले मी एकटी. बाकीचे पाच वहीत बघत बसले. नंतर कँटीनमध्ये एकेकाने येऊन हळूच सांगितलं, 'बरं झालं बोललीस.' राग आला, पण त्यांचे होम लोनचे हप्तेही मला माहीत होते.

पटकथाकार कार्ल फोरमन तर हे प्रत्यक्ष जगत होता. १९५१ मध्ये, सिनेमाचं काम चालू असतानाच, हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधणाऱ्या सरकारी समितीने त्याला बोलावलं. त्याने इतरांची नावं सांगायला नकार दिला. मग हॉलिवूडचे दरवाजे बंद झाले आणि तो इंग्लंडला गेला. पुढे १९८९च्या निवडणुकीत पोलंडमधल्या सॉलिडॅरिटीने याच मार्शलचं पोस्टर लावलं. हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका!

आणि केन काही निडर वगैरे नाही. त्याला घाम फुटतो, तो मृत्युपत्र लिहून ठेवतो. कूपरला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. अखेर मदतीला धावते ती हिंसा न मानणारी बायको. मिलर पडल्यावर मात्र अख्खं गाव बाहेर येतं. केन काही न बोलता बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि बायकोला घेऊन निघून जातो.

या वीकेंडला बघाच. चर्चचा सीन आला की जरा पॉझ करा. आपण कुठल्या बाकावर बसलोय, हे मी दरवर्षी नव्याने तपासते.